लुपेचा गुरुवार

सात महिने न्यूझीलंडच्या बागेत सफरचंदं तोडून माझी बायको लुपे परत आली आणि दर गुरुवारी बूट घालून अपिया शहरात बाजाराला जाऊ लागली. आमच्या गावात सगळे चपला घालतात, नाहीतर अनवाणी फिरतात. बाई बूट घालते म्हणजे कुणाला तरी दाखवायला घालते, एवढं मला कळतं. शिवाय गुरुवारी गावच्या झाडून सगळ्या बायका महिला समितीच्या घरात चटया विणायला बसतात. नेमकी त्याच दिवशी ही टोपली घेऊन बसमध्ये चढायची आणि दुपारी रिकाम्या टोपलीनिशी उतरायची. काय आणलंस? काही नाही. कोण भेटलं? कुणी नाही.

वाटेत कुणी ‘कुठं चाललीस’ म्हटलं तर उत्तर द्यायचं, ही आमच्याकडची साधी रीत आहे. लुपे नुसती हसायची. माझी बहीण म्हणाली, परदेशातून आलेल्या बायका अशाच होतात. एवढं बोलून ती नीरफणस सोलत बसली, पण तिच्या त्या ‘अशाच’ने माझी झोप उडाली. बागेत तिच्याबरोबर आमच्या बेटाचे वीस-बावीस पुरुष होते. मी मनातल्या मनात एकेकाचं तोंड आठवून बघत होतो.

शेवटी एका गुरुवारी मी तिला मळ्यावर जातो म्हणून सांगितलं आणि चालत मागच्या गावी गेलो. बस तिथूनच सुटते. अगदी शेवटच्या बाकावर बसलो, डोक्यावर टॉवेल घेतला आणि मांडीवर टारोच्या कंदांचं पोतं ठेवलं. स्वतःच्या हुशारीवर मी खूष होतो. आमच्या थांब्यावर लुपे चढली आणि पुढे खिडकीशी जाऊन बसली. शेजारची जागा मोकळी होती. तिने त्या जागेवर हात ठेवला आणि बाहेर बघत राहिली. ही जागा कुणासाठी धरली आहे, या विचाराने माझे कान तापले.

पुढच्या गावात दोन बाया चढल्या आणि एक तिच्या शेजारी बसली. त्यापुढच्या गावात बस भरली, आणि भरली की काय होतं ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. म्हातारी माणसं पुढे येतात, तरणी मागे सरकतात, आणि जागा संपली की एकमेकांच्या मांडीवर बसतात. हे सगळं जन्मापासून माहीत असून मी माझ्याच गावच्या बसमध्ये लपायला निघालो होतो. आसपासच्या गावांत सगळ्यांना नावानं ओळखणारी फिलोमेना म्हातारी चढली तशी लुपे उठली. म्हातारीने बसता बसता सगळी बस न्याहाळली.

“मातायो, टॉवेल काढ की. ऊन आत येत नाही,” ती म्हणाली. “बायको उभी आहे तुझी. ते पोतं खाली ठेव आणि तिला मांडीवर घे.”

सगळी बस वळून बघू लागली. लुपे मागे आली. मी पोतं खाली ठेवलं आणि ती माझ्या मांडीवर बसली. सात महिन्यांत ती हलकी झाली होती, हे मला तेव्हा कळलं. अपिया येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिची मान माझ्या तोंडाशी होती आणि मी तिथेही परका वास शोधत होतो. माझी मलाच लाज वाटली, पण शोधत राहिलो.

बाजारापाशी सगळे उतरले. ड्रायव्हर चहाला गेला. परतीची बस भरल्याशिवाय हलत नाही, त्याला कधी तास लागतो, कधी दोन. लुपे उतरलीच नाही. पुढे जाऊन त्याच खिडकीशी बसली.

“कोण येणार आहे?” मी विचारलं.

“कुणी नाही. बस भरेपर्यंत मी अशीच बसते.”

“आणि मग?”

“मग घरी येते. न्यूझीलंडला रविवारी आम्हाला गावात न्यायला बस यायची, हेच बूट घालून मी तीत बसायचे. एकेकाला एकेक बाक. शेजारी कुणी नाही, आणि कुठं चाललीस म्हणून कुणी विचारायचं नाही. तेवढ्या वेळात मी कुणाचीच कुणी नसायचे. मला त्याची फार आठवण येते, मातायो.”

“माझ्या शेजारी बसूनसुद्धा?”

ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, “तू शेजारी असलास की जास्तच येते.”

मी खाली उतरलो आणि समोर भाजीवाल्यांच्या पत्र्याखाली जाऊन उभा राहिलो. तिच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नव्हता. बसच्या दारावरून मी नजर हटवली नाही. तासभर त्या बसमध्ये कुणीही चढलं नाही. लुपे खिडकीशी बसून होती, आणि परत आल्यापासून इतकी शांत ती मला एकदाही दिसली नव्हती. कुणीतरी यावं, एखादा उंच, चांगले कपडे घातलेला पुरुष यावा, म्हणून मी देवाची करुणा भाकत होतो. त्याच्याशी मला भांडता तरी आलं असतं.