गोडदेवच्या दिव्यांचा मीटर

मित्रांनो, मी एक जुना वीजमीटर आहे. गोडदेव नावाच्या वस्तीत एका गल्लीच्या तोंडाशी लोखंडी पेटीत माझी जागा. रस्त्यावरच्या चाळीस दिव्यांनी किती वीज घेतली, ते मी मोजत असे. सुरुवातीला काशीनाथ वायरमन दर महिन्याला माझे आकडे टिपून नेत. पुढे पेटी गंजली, काच धुळीने भरली आणि माझ्या आकड्यांऐवजी अंदाजच लिहिला जाऊ लागला. मला फार वाईट वाटे.

२००७ साली महापालिकेच्या मृणालिनी मॅडम रस्त्यावरच्या दिव्यांचे काम पाहू लागल्या. वीज करायला कोळसा जळतो, त्याच्या धुराने हवामान बिघडते. म्हणून पुढच्या वर्षी रस्त्यांवरच्या दिव्यांची वीज वीस टक्क्यांनी कमी करायची, असे शहराने ठरवले होते.

"काशीनाथभाऊ, वीस टक्के कशातून कमी करायचे? आज किती लागतेय तेच आपल्याला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

काशीनाथनी रुमालाने माझी काच पुसली. वर्षभर माझे खरे आकडे घेतले गेले. मग नवे वर्ष लागताच मॅडमनी एकाआड एक दिवा बंद करायला लावला. माझी चकती मंदावली. जमले, असे मलाही वाटले.

महिन्याभरात मासे विकणाऱ्या सरूबाई हाताला प्लास्टर घालून आल्या. मॅडम पेटीपाशीच उभ्या होत्या.

"म्याडम, पहाटे मासे आणाया निघाले, गटाराची कड दिसली न्हाय. तुमची वीज वाचली, माजा हात मोडला. आता टोपली कशी उचलू?"

मी वीज मोजली होती, सरूबाईंच्या वाटेवरचा अंधार मोजला नव्हता. माझी मान खाली गेली.

"चूक माझी आहे, मावशी. सगळे दिवे आजच सुरू करते," मॅडम म्हणाल्या.

"मग वीस टक्के कसे व्हायचे?" काशीनाथनी विचारले.

सरूबाईंनी वर बोट दाखवले. "नऊ वाजले, ऊन आलंय, नि ह्ये दिवे अजून पेटलेलेच हायत!"

काशीनाथ ओशाळले. "खरंय. एकेक पेटी बंद करत इथे यायला मला नऊ होतात."

मॅडमनी प्रत्येक पेटीत टायमर बसवून घेतला. उजाडले की दिवे आपोआप विझू लागले. काशीनाथनी दिव्यांची मळकी झाकणे धुतली, तेव्हा कमी विजेचे नवे बल्ब लावूनही गल्ली उजळली. सरूबाईंच्या टोपलीत पुन्हा बोंबील दिसू लागले.

वर्ष संपले. घट भरली अठरा टक्के.

"वीसच लिहूया ना मॅडम, दोनाचाच तर फरक!"

"नाही, भाऊ. मीटर अठरा म्हणतोय, अठराच लिहा. उरलेलं पुढच्या वर्षी करू."

पुढच्या वर्षी एकवीस झाले. पण मला जास्त अभिमान वाटतो तो त्या खऱ्या अठरा टक्क्यांचा.

मित्रांनो, दिवसा जळणारा दिवा दिसला तर तसेच पुढे जाऊ नका, कुणाला तरी सांगा. आम्ही मीटर नुसते मोजतो. दिवा विझवायला हात तुमचेच लागतात.