सहावी ‘ब’चा बिल्ला

मित्रांनो, नुसतं पाहून मी कोण हे तुम्हाला ओळखता यायचं नाही. तळहातात मावेल एवढा सागवानी तुकडा, वरच्या बाजूला भोक, भोकात काळपट सुतळी आणि मधोमध कोरलेलं इंग्रजी ‘एम’ हे अक्षर. कोणी म्हणेल किल्लीला अडकवायचं लाकूड, कोणी म्हणेल गुराच्या गळ्यातलं लोढणं. लोढणं म्हणणारा फारसा चुकलेला नाही. मी एका शाळेचा बिल्ला आहे, आणि मला हौसेने कोणी कधी हातात घेतलं नाही.

नाशिकच्या सेंट ब्लेझ बॉईज हायस्कूलमध्ये १९९० साली माझा जन्म झाला. कॅथलिक ब्रदर लोकांची ही मुलांची शाळा. संत ब्लेझ हे घशाचे रक्षणकर्ते मानले जातात. दर फेब्रुवारीत चॅपेलमध्ये सगळी मुलं रांग लावत आणि दोन मेणबत्त्या फुलीसारख्या गळ्याशी धरून फादर प्रत्येकाच्या घशाला आशीर्वाद देत. हिंदू, मुसलमान, शीख, सगळ्यांचे घसे त्या दिवशी सारखेच पवित्र होत.

शाळेचे सुतार वाल्मीकमामा. त्यांनी मोडक्या बाकाच्या पाठीतून मला कापून काढलं. मी अस्सल सागाचा, तेव्हा निदान एखाद्या चषकाचं बूड तरी होणार अशी माझी समजूत होती. पटाशीने अक्षर कोरून झाल्यावर मामांनी ब्रदर इग्नेशियसना विचारलं, “एम म्हंजे मेडल का, ब्रदर?”

“एम म्हणजे मराठी,” ब्रदर म्हणाले.

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. माझी पाठ घासायची राहिली ती राहिलीच.

माझं काम सोपं होतं. सकाळी वर्गात जो पहिला मराठी बोलेल त्याच्या हाती मला द्यायचं. मग त्याने दुसऱ्याला मराठी बोलताना पकडायचं आणि मला त्याच्या गळ्यात मारायचं. शेवटच्या घंटेला मी ज्याच्याकडे सापडेन, त्याने व्हरांड्यात उभं राहून इंग्रजी धड्याचं पान उतरवायचं. आणि शनिवारी सापडलो, तर रविवारची फुटबॉल मॅच बंद.

ब्रदर इग्नेशियस मंगळूरचे. उंच, शिडशिडीत, गळ्यात कायम शिट्टी. माणूस वाईट नव्हता हो. बोर्डिंगमधलं पोर तापाने फणफणलं, तर स्वतःच्या हाताने पेज भरवायचे. इंग्रजी आलं की पोरं जगात कुठेही ताठ मानेने उभी राहतील, असा त्यांचा पक्का विश्वास होता आणि त्या विश्वासापायी ते काहीही करायला तयार होते. मी त्या ‘काहीही’पैकी एक.

मला दुसऱ्याच्या माथी मारायला पोरं काय काय करत म्हणून सांगू. एकदा एकाने शेजाऱ्याला करकचून चिमटा काढला आणि तो “आई गं” म्हणाल्याबरोबर मला त्याच्या खिशात कोंबलं. तक्रार ब्रदरांकडे गेली. ब्रदरांनी बराच विचार केला आणि निकाल दिला की दुखलं तर कोणत्याही भाषेत ओरडायला परवानगी आहे. तेव्हापासून त्या शाळेत फक्त दुखण्यापुरतं मराठी चालायचं.

जून १९९४ मध्ये सहावी ‘ब’मध्ये धनराज देवरे आला. बागलाणातल्या नामपूरचा, वडिलांची बाजारात कांद्याची आडत. घरात सगळे अहिराणी बोलणारे, पाचवीपर्यंतची शाळा मराठी. इंग्रजी म्हणाल तर वहीच्या कव्हरावर असेल तेवढंच. पहिला महिनाभर मी त्याच्याच खिशात राहायला होतो म्हटलं तरी चालेल.

एक दिवस मी रोहित भालेराव या मुलाकडे होतो. रोहित शरणपूर रोडवरचा, घरचा ख्रिस्ती, वर्गाचा गोलकीपर आणि मला खपवण्यात पटाईत. कँटीनच्या रांगेत धनराज त्याला म्हणाला, “भाऊ, माले भूक लागनी शे.” रोहितने लगेच मला पुढे केलं. धनराजने घेतलं नाही. दोघं ब्रदरांपुढे उभे राहिले आणि धनराजने आयुष्यातलं पहिलं अख्खं इंग्रजी वाक्य म्हटलं, “ब्रदर, धिस इज नॉट मराठी. धिस इज अहिराणी.”

ब्रदर गोंधळले. त्यांनी बाहेर खिडकी ठोकत बसलेल्या वाल्मीकमामांना साक्षीला बोलावलं आणि धनराजला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

मामा डोकं खाजवत म्हणाले, “ही बागलाणातली बोली, ब्रदर. मला निम्मी कळती, निम्मी नाय.”

नियम मराठीचा होता. धनराज सुटला.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत धनराजची शाळा भरू लागली. ‘कसा शेस?’, ‘बरा शे’, ‘कथा जास?’ म्हणजे कुठे जातोस. मित्रांनो, पंधरवड्यात सहावी ‘ब’ अहिराणी बोलू लागली. देवळाली कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांचा पंजाबी मुलगाही भूगोलाच्या तासाला म्हणू लागला की माले भूक लागनी शे. रोहित तर धनराजचा पट्टशिष्य झाला. तीन आठवडे मला कोणी हात लावला नाही. मी खिडकीच्या कट्ट्यावर ऊन खात पडून होतो, आणि खरं सांगतो, इतका सुखी मी पुन्हा फार वर्षं नव्हतो.

पण ब्रदरांचे कान शाबूत होते. फळ्यावर नवा नियम लागला की इंग्रजी सोडून कोणतीही भाषा बोलणाऱ्याला बिल्ला मिळेल. धनराजच्या हुशारीनेच त्याची एकुलती एक पळवाट बंद झाली.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून लाज वाटते.

फेब्रुवारी १९९५ मधला चौथा शनिवार. बोर्डिंगच्या मुलांना भेटायला आईवडील त्या दिवशी येत. नामपूरहून सकाळची एसटी पकडून धनराजची आई वत्सलाबाई एकटीच आली होती. पोराला पाहून तिला दोन महिने झाले होते. हातातल्या डब्यात बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या होत्या. साडेबाराला शेवटची घंटा होणार होती आणि सव्वाबाराला मी रोहितच्या मुठीत होतो. दुसऱ्या दिवशी मॅच, हा गोलकीपर. तो व्हरांड्यातल्या खांबाआड उभा राहिला. धनराजने आईशी घरच्या बोलीत तोंड उघडलं, की मला त्याच्या हाती खपवायचं होतं.

“आप्पा, कसा शेस रे?” आईने धनराजच्या तोंडावरून हात फिरवत विचारलं.

धनराजने तोंड उघडलं. तेवढ्यात खांबाआडून लोंबणारी माझी सुतळी त्याला दिसली.

“फाइन,” तो म्हणाला.

“जेवण करस ना पोटभर?”

“यस.”

“माय उनी इतली दूरथून. बोल ना मनासंगे काही.”

धनराजने खाली मान घातली. डबा घेतला आणि म्हणाला, “थँक यू.”

वत्सलाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. इस्त्रीच्या कपड्यातली मुलं, साहेबी थाटाचे पालक. मग स्वतःच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि पदर आणखी पुढे ओढला. “बरं,” एवढंच म्हणून ती निघाली. तिच्या मनात काय आलं ते तुम्ही ओळखलंच असेल. मला ते तेव्हाच कळलं होतं आणि मी लाकूड असल्यामुळे काहीच करू शकलो नाही.

रोहित खांबाआडून बाहेर आलाच नाही. घंटा झाली तेव्हा मी त्याच्याच मुठीत होतो. सोमवारी त्याने ब्रदरांना सांगितलं की बिल्ला हरवला, आणि महिनाभराचा फुटबॉल गमावला. ब्रदरांनी वाल्मीकमामांना दुसरा बिल्ला करायला सांगितलं. मोडक्या बाकांच्या ढिगाला पाठ लावून उभे असलेले मामा म्हणाले, “सागवान संपलं, ब्रदर.” ब्रदरांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि ते निघून गेले. सेंट ब्लेझमध्ये दुसरा बिल्ला झाला नाही.

मी रोहितच्या कंपासपेटीत आणि पुढे त्याच्या टेबलाच्या खणात पडून राहिलो. जुन्या पावत्या, बंद पडलेली घड्याळं आणि मी. जवळजवळ चौदा वर्षं गेली.

डिसेंबर २००८ मध्ये त्या बॅचच्या मुलांनी शाळेत मेळावा भरवला. मुलं कसली, दाढीमिशा फुटलेले बाप्ये. प्रत्येक जण आठवणी काढत होता. ब्रदरांची शिट्टी, कँटीनचा गारढोण वडा, चॅपेलच्या रांगेत मेणबत्तीने केस करपलेला एक जण. अहिराणीच्या तीन आठवड्यांची गोष्ट निघाली तेव्हा हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. मग रोहितने खिशातून मला काढलं. जो तो मला हातात घेऊन पाहू लागला. कोणी तरी म्हणालं, “याला काचेच्या कपाटात ठेवू या, चषकांच्या शेजारी.” मित्रांनो, माझं जन्माचं स्वप्न ते. पण धनराज हसत नव्हता.

तो आता नामपूरला गुरांचा डॉक्टर होता आणि आईजवळच राहत होता. रोहितने खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, “माझे मित्र घरी आले ना, की आई स्वयंपाकघराचं दार लोटून घेते. माझ्या लग्नात तुम्ही सगळे आलात, तेव्हा ती मंडपाच्या मागे जाऊन बसली. ती चारचौघांत बोलली की मला लाज वाटते, असं तिने त्या शनिवारपासून मनात धरलंय.”

“अरे, मग सांगितलं का नाहीस तिला?”

“सांगितलं. म्हणाली, ‘राहू दे आप्पा, तू मोठी शाळामा व्हता.’ तिला पटलंच नाही. लाकडाचा तुकडा पोराला आईशी बोलू देत नाही, हे कोणाला खरं वाटेल?”

कोपऱ्यातल्या खुर्चीत म्हातारे झालेले ब्रदर इग्नेशियस बसले होते. त्यांनी हात पुढे केला आणि रोहितने मला त्यांच्या हातावर ठेवलं.

“काचेत नाही ठेवायचा,” ब्रदर मोडक्या मराठीत म्हणाले. “आईला दाखवायचा. मी पण येणार.”

दुसऱ्या दिवशी रोहितच्या गाडीतून आम्ही नामपूरला गेलो. पांढऱ्या झग्यातले पाहुणे दिसताच वत्सलाबाई आत गेल्या आणि दार लोटलं गेलं. ब्रदर बाहेर बसलेच नाहीत. ते दाराशी गेले, चौकटीला धरून कसेबसे उंबऱ्यावर टेकले आणि मला तळहातावर धरून त्यांनी दार ढकललं.

“हा मी केला,” ते म्हणाले. “घरचं बोलला, की हा मिळणार, शिक्षा मिळणार. त्या दिवशी तुमचा मुलगा ह्याला घाबरला. मुलाची चूक नाही. चूक माझी.”

वत्सलाबाईंनी रोहितकडे पाहिलं. रोहित धनराजने शिकवलेल्या अहिराणीत चाचरत म्हणाला, “मावशी, मी खांबना मांगे उभा व्हतू. हाऊ मना हातमा व्हता.”

त्यांनी मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. मग धनराजकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, “मंग तुले मनी लाज वाटनी नव्हती?”

“नही, माय. कधीच नही.”

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग पुढच्या खोलीत आल्या, चांगली खुर्ची ओढून पाहुण्यांच्या बरोबरीने बसल्या आणि बोलू लागल्या. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने सारखं आपटत होतं, बोलण्यात व्यत्यय यायला लागला, म्हणून हातातला मी त्यांनी त्या दाराखाली सरकवला.

मी अजून तिथेच आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी ‘आम्हाला जपा’ असं विनवतात. मी तसं म्हणणार नाही. मी झिजून गेलो तरी चालेल. तुमच्या वर्गात कोणी वेगळं बोलणारा आला, तर त्याला भूक लागल्याचं त्याच्या आईच्या बोलीत सांगू द्या, आणि तुमच्याकडे कितीही चांगलं सागवान असलं तरी माझ्यासारखा दुसरा करू नका. त्या दिवशी वत्सलाबाई तीन तास बोलत होत्या. ब्रदरांना निम्मं कळलं असेल, निम्मं नसेल. निघायची वेळ होऊन गेली, तरी ते उठले नाहीत.