मी मवाळ झालेली भट्टी

थोडं लांबूनच ऐका, माझ्या पोटात काच उकळतेय. मी फरगाना खोऱ्यातल्या एका कारखान्याची भट्टी. इथल्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या माझ्याच काचेच्या.

माझ्या विटा नव्या होत्या तेव्हा मला पहिली धग दिली ती माझ्या भट्टीवाल्याने, तोख्तासिनने. तडा जाऊ नये म्हणून बाळंतिणीला जपावं तसं त्याने मला हळूहळू तापवलं. तेव्हापासून मी विझलेच नाही. माझी ज्वाळ पांढरीशुभ्र असावी, ही त्याची हौस. "बघा, कशी हसतेय!" असं पाहुण्यांना सांगायचा.

पण हिवाळ्यात खोऱ्यातली हवा हलत नसे. माझ्या धुरांड्यातली पिवळट झाक गल्लीवर उतरायची आणि त्याच्या बायकोला, ओयदिनला, दम लागायचा. तोख्तासिन थंडीला दोष द्यायचा.

मग त्याची लेक मुहय्या इंजिनिअर होऊन याच कारखान्यात आली. तिने धुराचं माप घेतलं आणि मापाचा कागद घेऊन बापाजवळ आली.

"बोल की, पोरी."

"दादा, आग फार कडक आहे. एवढ्या धगीत हवेतला नायट्रोजनसुद्धा जळतो. त्याचं विष होतं. तेच आईच्या छातीत जातं."

तोख्तासिनने वर धुरांड्याकडे पाहिलं. "म्हणजे इथे बसून मी तिच्यासाठी विष रांधत होतो?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, दादा. जास्तीची हवा तोडू या. पण काच बिघडू शकते. तुमचे डोळे हवेत मला."

दोघांनी माझ्या भेगा लिंपल्या, हवा कमी केली. ज्वाळ लांब, पिवळी, मऊ झाली. आणि बरण्या निघाल्या धुरकट हिरव्या!

मालक कडाडला, "यात मुरंबा भरायचा की शेवाळ? उद्या सकाळी जुनी आग हवी मला!"

तोख्तासिन जेवायला उठला नाही. डोळे दिपू नयेत म्हणून धरलेल्या निळ्या काचेतून माझ्याकडे बघत राहिला. "किंचित हवा दे... अजून... हां, बस." मुहय्या झडप फिरवायची, पुन्हा माप घ्यायची. संध्याकाळी बरणी नितळ निघाली आणि विष निम्म्यावर आलं. तोख्तासिनने ती मालकाच्या हातात दिली. "हिच्यातून बघा. माझं घर दिसतंय? ओयदिनला तिथेच दम लागतो."

मालकाने बरणी डोळ्यांसमोर धरून गल्लीकडे पाहिलं. "राहू दे आग तशीच," एवढंच म्हणाला.

ओयदिन पूर्ण बरी झाली नाही. पण त्या हिवाळ्यात तंदूरमध्ये भाजलेले गरम सामोसे घेऊन ती स्वतः चालत माझ्यापर्यंत आली. नवऱ्याला म्हणाली, "जन्मभर जिच्यापाशी बसलात, त्या सवतीला एकदा बघावं म्हटलं." मी लाजले असते, पण आधीच लाल होते.

आता माझ्या विटा झिजल्यात. शेजारी नवी भट्टी उभी राहतेय. तिला हवेऐवजी निव्वळ ऑक्सिजन मिळणार, म्हणजे विष आणखी कमी. तिला मुहय्या पेटवेल. मला त्याचं वाईट वाटत नाही.

एकच मागणं आहे. मला विझवाल तेव्हा तोख्तासिनला बोलावू नका. त्याला बायकोशेजारी अंगणात चहा पिऊ द्या. माझ्या धुरांड्यातून हल्ली धूर निघताना दिसत नाही. मी गेले, हे त्याला तिथून कळणार नाही.