दोनशे प्रती

हॅरिएट हॉस्मर असती, तर तिने आमच्या मंडळावर सरळ दावा ठोकला असता.

दीडशे वर्षांपूर्वीची ही अमेरिकन शिल्पकार. बाई म्हणून बॉस्टनकडे तिला शरीरशास्त्र शिकू देईनात, तर सेंट लुईसला जाऊन शिकली. मग रोममध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. तिचा संगमरवरी पुतळा लंडनच्या प्रदर्शनात गाजला आणि लगेच छापून आलं, की हे काम हिचं नव्हेच, कुणा इटालियन कारागिराचं आहे. बाईने दावा लावला. छापणाऱ्यांना शब्द मागे घ्यावे लागले, तेही छापून. पुढे त्याच सेंट लुईसच्या बागेत तिने घडवलेला एका सिनेटरचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. आजही आहे.

हे मला पाठ आहे, कारण मी क्राइस्टचर्चला तिच्यावरच प्रबंध लिहायला आले होते. आता दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते.

२०१७च्या गणपतीची मूर्ती मी केली. भारतातून शाडू आणू देत नाहीत, म्हणून कुंभारकामाची माती घेतली. इथल्या जुलै-ऑगस्टच्या ऐन थंडीत दोन महिने, कामावरून आल्यावर गॅरेजमध्ये बसून. माझा नवरा गंधार आयटीत आहे. त्याने मूर्ती गाडीतून रिकार्टनच्या हॉलवर पोचवली. बस, एवढंच.

चतुर्थीच्या सकाळी स्मरणिका हातात पडली. ‘मूर्तिकार : गंधार मुळ्ये. विशेष सहकार्य : सौ. मधुवंती मुळ्ये.’

माझं डोकंच फिरलं. सेक्रेटरी सुधाकरकाकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पण खरा संताप गंधारचा आला. त्याने प्रूफ आठवडाभर आधी पाहिलं होतं.

“म्हटलं जाऊ दे, काकांना कशाला दुखवायचं,” तो म्हणाला.

काकांना!

तेवढ्यात पुढे गलका झाला. हॉल उबदार राहावा म्हणून काकांनी हीट पंप रात्रभर चालू ठेवला होता. त्या कोरड्या हवेने माती सुकून सोंडेला तडा गेला होता. गुरुजी तासाभरात येणार होते.

“गंधार, जरा बघ रे!” काका ओरडले.

गंधारने माझ्याकडे पाहिलं. मी हाताची घडी घातली.

“काका, मूर्ती हिने केलीय,” तो शेवटी म्हणाला. “मी फक्त ड्राइव्ह केलं.”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी! “काय दिलदार नवरा आहे गं तुझा!” कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. तळपायाची आग मस्तकात गेली.

“काका, स्मरणिका किती छापल्यात?”

“दोनशे. अगं, आधी सोंड...”

“पेन आणा. गंधार, बस इथे. प्रत्येक प्रतीवर नाव खोड आणि माझं लिही. तू लिहायला लागलास की मी सोंडेला हात लावते.”

“मधू, प्लीज. सगळे बघतायत.”

“बघू देत.”

तो बसला. मी माती कालवली. तडा भरत, ओल्या बोटाने गुळगुळीत करत राहिले.

चाळिसाव्या प्रतीला तो मनगट चोळत म्हणाला, “हात दुखतोय गं. पुरे ना?”

“दोन महिने माझेही दुखत होते,” मी सोंडेवरून नजर न काढता म्हटलं. “पुढची घे.”