वरच्या जाळीतले डोळे

मित्रांनो, मी एक जुना डिशवॉशर आहे. थाटीपुरातल्या एका सरकारी क्वार्टरमध्ये, ओट्याखाली उभा असतो. उभा कसला, टेकलेला असतो म्हणा; माझा एक पाय कधीचा मोडला आहे.

मी आलो तेव्हा शरयूताईंनी मला हळदकुंकू लावलं, शेजारणींना बोलावून दाखवलं. त्या नोकरीला जातात, म्हणून मला आणलं होतं. पहिली दोन वर्षं मी फक्त भांडी धुतली. काय सुखाचे दिवस होते ते! मग त्यांचे सासरे गोविंदराव रिटायर झाले आणि माझ्या मागे लागले.

गोविंदरावांना मी रिकामा बसलेला बघवत नाही. त्यांनी माझ्यात मातीचे बटाटे धुतले, एक्झॉस्टची जाळी धुतली, रबरी चपला, कंगवे, नातीची खेळणी धुतली. एकदा तर घट्ट झाकणाच्या डब्यात मसाला लावलेलं पनीर ठेवून ते माझ्या वाफेवर शिजवलं. खरं सांगतो, बरंचसं जमायचंसुद्धा. कौतुक त्यांचं व्हायचं, थकायचो मी. माझी गाळणी मात्र कुणी कधी उघडली नाही. बटाट्यांची माती तिच्यात साठत गेली आणि वरच्या फवाऱ्याची भोकं बुजली.

यंदा महालक्ष्म्या यायच्या त्या दिवशी सकाळी गोविंदरावांनी पितळेचे दोन्ही मुखवटे काढले. त्यांचे डोळे सीमंतिनीबाईंनी, म्हणजे गोविंदरावांच्या पत्नीने, स्वतः रंगवलेले. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. सुनेला घासत बसावं लागू नये म्हणून गोविंदरावांनी कनिष्ठेचा मुखवटा खालच्या जाळीत ठेवला, ज्येष्ठेचा वरच्या, आणि मूठभर पावडर घातली. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

गाळणी तुंबून निम्म्यातच मी बंद पडलो. शरयूताईंनी दार उघडलं. खालच्या मुखवट्याला डोळे उरले नव्हते.

"बाबा, आईंच्या हातचे होते ते!"

"मी तर तुझं काम हलकं करायला गेलो होतो, बेटा," म्हणत गोविंदराव मटकन खाली बसले. त्यांना रडू आवरेना.

शरयूताईंनी वरची जाळी ओढली. "बाबा, ही तर एकदम ठीक आहे! बघा तर खरं." बुजलेल्या भोकांतून तिथवर पाणी पोहोचलंच नव्हतं.

दुपारभर त्या ज्येष्ठेकडे बघत कनिष्ठेचे डोळे रंगवत होत्या. गोविंदराव रंगाची वाटी धरून बसले होते. एक डोळा किंचित मोठा झाला. संध्याकाळी दोघी माप ओलांडून घरात आल्या.

सण आटोपल्यावर गोविंदरावांनी जमिनीवर बसून माझी गाळणी उघडली आणि जुन्या टूथब्रशने ती आणि वरच्या फवाऱ्याची भोकं घासली. "ही भोकं बुजली नसती, तर ज्येष्ठेचेही डोळे गेले असते," म्हणाले.

मित्रांनो, मला काहीही धुवायला द्या, मी कुरकुरत का होईना धुईन. फक्त अधूनमधून गाळणी साफ करा. आणि कुणाच्या हातची खूण असलेली वस्तू माझ्याकडे देऊ नका. खरकटं कोणतं आणि खूण कोणती, हे मला कळत नाही. आता माझी सगळी भोकं मोकळी आहेत. पुढच्या वेळी वरच्या जाळीतले डोळेही वाचणार नाहीत.