कानाशी

देबोराने ओत्तोरीनोचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीनदा आपटला. पहिला ठोका हलका, दुसरा लांब आणि जड, तिसरा पुन्हा हलका.

"पो-लेंऽऽ-ता," तिने मक्याच्या पिठाच्या त्या रोजच्या घाट्याचं नाव घेतलं. "आता तुम्ही."

"ता-रेंऽऽ-मो," ओत्तोरीनो म्हणाला, आणि शाबासकीची वाट बघत हसला.

जोर नेमका जागेवर पडला होता, मधलं अक्षर हवं तेवढंच लांबलं होतं. फक्त शब्द नव्हता.

फेब्रुवारीत त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. शब्द गेले आणि बोलण्याची चाल तेवढी राहिली. प्रश्न विचारताना त्याचा आवाज वर चढे, चिडला की ठोके जवळजवळ येत, आणि थट्टा करताना तो शेवटून दुसरं अक्षर असं ताणी की ऐकणाऱ्याला हसू फुटे. भिंतीपलीकडच्या माणसाला वाटावं, इथे गप्पा रंगल्यात. त्याची बायको नीवेस आठ महिने त्या चालीला उत्तरं देत होती. चाल वर चढली की कॉफी, खाली येऊन रेंगाळली की सपाता, तुटक झाली की खिडकी लावून घ्यायची. तो गप्प बसला की आपलं बरोबर आलं असं ती धरून चाले.

देबोरा आठवड्यातून दोनदा पादोव्याहून यायची. पादोव्याच्या माणसाने किओजासारख्या बडबड्या बंदरातल्या माणसाला बोलायला शिकवावं याचं गल्लीत सगळ्यांना हसू येत होतं, पण पोरगी कामाची होती. त्या दिवशी निघताना तिने नीवेसला दाराशी थांबवलं.

"बाई, तुम्ही सगळं न बोलता समजून घेता. मग त्यांनी शब्द शोधायचे कशाला? तीन आठवडे उत्तर देऊ नका."

नीवेसला ते क्रूर वाटलं, तरी तिने कबूल केलं. पहिल्या दिवशी ओत्तोरीनोने एकच चाल पाच वेळा म्हटली आणि ती पाठ फिरवून स्वच्छ पातेलं घासत राहिली. दुसऱ्या आठवड्यात त्याने टेबलावर मूठ आपटली. तिसऱ्या आठवड्यात तो गप्प झाला. शब्द आलेच नाहीत, होती ती चालही गेली. घरात फ्रिजची घरघर तिला पहिल्यांदाच ऐकू आली. देबोराचा तिला राग आला, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. आठ महिने आपण त्याच्याशी बोलत होतो, की आपणच विचारून आपणच उत्तरं देत होतो? हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो खिडकीबाहेर बघत बसला होता.

शनिवारी सकाळी तिने त्याला कोट चढवला आणि मासळीबाजारात नेलं. एक्केचाळीस वर्षं तो तिथल्या लिलावात बोली लावून माल उचलत आला होता.

किओजात कुणाची कुठलीच गोष्ट हळू आवाजात होत नाही. कालव्याच्या या काठावरून त्या काठावर सोयरिकी जुळतात, मोडतात, आणि मधल्या होड्यांतले लोक आपलं मत देऊन जातात. लिलावात मात्र याच्या बरोबर उलट. लिलाव करणारा जिल्दो पेट्यांच्या मधोमध उभा राहतो, घेणारे एकेक करून त्याच्या खांद्यावर हात ठेवतात आणि आपला भाव त्याच्या कानात सांगतात. तो सगळ्यांचं ऐकतो आणि ज्याचा माल त्याचं नाव घेतो. बाकीचे काय म्हणाले ते कुणाला कळत नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

नीवेसने नवऱ्याला भिंतीशी उभं केलं होतं. माकुळाची पेटी पुढे आली तसा तो तिच्या हातातून सुटला आणि पाय ओढत आत शिरला. लोकांनी वाट दिली. जिल्दोने वर न बघता, इतकी वर्षं द्यायचा तसाच, कान पुढे केला. ओत्तोरीनोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे ओठ हलले. जिल्दोची नजर ओल्या फरशीवरून ढळली नाही. त्याने आणखी दोघांचं ऐकलं.

"मानलियो," त्याने त्यांतल्या एकाचं नाव घेतलं आणि पेटी पायाने सरकवली.

ओत्तोरीनो पुटपुटत परत आला. माल हातचा गेला की तो पूर्वी असाच पुटपुटायचा.

लिलाव संपल्यावर नीवेसने जिल्दोला गाठलं.

"काय बोलला तो?"

"वहिनी, कानात आलेलं मी कधी कुणाला सांगितलंय?"

"भाव नको सांगूस. शब्द होते का, एवढंच सांग."

जिल्दोने टोपी काढली, पुन्हा घातली.

"तेही सांगितल्यासारखंच झालं की," तो म्हणाला, आणि बर्फाच्या ढिगाकडे निघून गेला.

तिला रडू येत होतं आणि जिल्दोच्या डोक्यावर बर्फाची पाटी उलटी करावीशीही वाटत होती. तिने नवऱ्याला हाताला धरून पुलावरून घरी आणलं. स्वयंपाकघरात त्याला खुर्चीत बसवलं आणि तशीच उभी राहिली. उत्तर द्यायला मनाई होती, कान द्यायला नव्हती. ती वाकली आणि तिने आपला कान त्याच्या तोंडाशी नेला.

ओत्तोरीनोला नवल वाटलं नाही. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. कुजबुजीत चाल चढत नाही, उतरत नाही, नुसता श्वास आणि ठोके उरतात. आधी श्वासच आला, दोनदा. त्याची बोटं तिच्या खांद्यावर ठोके शोधत होती.

"थकलीस तू," तो म्हणाला.

मधल्या ठोक्यावर तो जरासा थांबला होता, बाकी शब्द स्वच्छ होते. आठ महिने त्याच्या प्रत्येक चालीला ती काही ना काही आणून देत आली होती. त्यातली एखादी तिच्याविषयी असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"हो," नीवेस म्हणाली, आणि अंगातला कोट न काढता त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.