लॉनी कुणाच्या खुणा पाहत होता

बेसबॉलच्या सामन्याची तिसरी इनिंग होती. बॅटरमागे उकिडवा बसलेला कॅचर ऑरिन व्हॅस्को याने एक बोट दाखवलं, म्हणजे सरळ वेगवान चेंडू. चेंडू टाकणाऱ्या पिचरने, लॉनीने, होकारार्थी मान हलवली, हात फिरवला, आणि आला तो पडता चेंडू. छातीच्या उंचीवरून निघालेला चेंडू बॅटरपुढच्या पांढऱ्या प्लेटपाशी येऊन असा कोसळला की बॅटरने हवेतच बॅट फिरवली. व्हॅस्कोने तो कसाबसा जमिनीलगत झेलला. बॅटर बाद झाला आणि लोक ओरडले. कॅचरची फजिती कुणाच्या ध्यानात आली नाही.

कॅचरने एक मागावं आणि पिचरने दुसरंच टाकावं, यात कॅचरची बोटं मोडतात. व्हॅस्कोच्या उजव्या हाताची तीन बोटं अशीच वाकडी झाली होती. तो छत्तीस वर्षांचा होता. संघातली पोरं त्याला आजोबा म्हणत आणि तो ते चालवून घेई, कारण हा त्याचा शेवटचा मोसम आहे हे पोरांना आणि त्याला सारखंच माहीत होतं.

केसलर फॉल्स हे ओहायो नदीकाठचं कपबश्यांच्या भट्ट्यांचं गाव, म्हणून संघाचं नाव पॉटर्स, म्हणजे कुंभार. लीगची अंतिम मालिका पाच सामन्यांची होती. दोन त्यांनी जिंकले होते, दोन मार्लो गावच्या संघाने. आज पाचवा. नेहमीचा मोठा पिचर तापाने फणफणला होता, म्हणून मॅनेजर ब्रोडीने नाइलाजाने लॉनी प्रेविटला उभं केलं. लॉनी वीस वर्षांचा, डोंगराकडचा, हाडकुळा. उन्हाळाभरात नऊ सामने हरलेला. सकाळी ब्रोडी व्हॅस्कोला म्हणाला होता, की याच्याकडून चार इनिंग काढून घे, पुढचं देव बघेल.

तिसरी इनिंग संपल्यावर व्हॅस्को बाकावर लॉनीशेजारी जाऊन बसला.

"मी मागतो ते टाकत का नाहीस रे?"

लॉनीने खरोखरच्या आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही मागता तेच टाकतोय, आजोबा."

"मी एक बोट दाखवलं होतं."

"दोन. आधी तुम्ही अंगठ्याने मांडीवर दोनदा थाप मारता, मग दोन बोटं. पडत्या चेंडूला तुमची तीच तर खूण आहे." मग जरासं हसून तो म्हणाला, "खरं सांगू? उन्हाळाभर तुम्ही असे कधी मागत नव्हता. आज तुम्ही भारी मागताय."

व्हॅस्कोने स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. मांडीवर दोनदा थाप ही त्याचीच सवय होती, यात शंका नव्हती. पण ती त्याने अकरा वर्षांपूर्वी सोडली होती. तेव्हा लॉनी नऊ वर्षांचा असेल, आणि इथून दोनशे मैलांवर.

चौथ्या इनिंगमध्ये व्हॅस्कोने नीट लक्ष दिलं. लॉनी खुणेसाठी वाकला की त्याची नजर व्हॅस्कोच्या बोटांवर येतच नव्हती. ती किंचित बाजूला, व्हॅस्कोच्या डाव्या खांद्यामागे जाई. तिथे पंच उभा असतो, पण नजर पंचाच्या तोंडाकडेही नव्हती. खाली होती. उकिडवा बसलेला माणूस जेवढा उंच असतो, तेवढी.

व्हॅस्कोने मागे वळून पाहिलं. पंच, कुंपण, आणि भट्ट्यांच्या धुरात मिसळून नदीवरून वर येणारं धुकं. सप्टेंबरची दुपार असूनही गारवा होता. पंचाने विचारलं, "काय हरवलं का?" व्हॅस्कोने नकारार्थी मान हलवली. मग पंच खिशातला ब्रश काढून प्लेट झाडायला पुढे आला. तो सरळ आला नाही. डावीकडून आला असता तर दोन पावलं, पण तो व्हॅस्कोच्या उजव्या अंगाने, लांबून वळसा घालून आला, आणि तसाच परत गेला. गर्दीतून जाताना आपण माणसाला चुकवतो तसा. आपण काय केलं हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

व्हॅस्कोने जमिनीकडे पाहिलं. त्याच्या डाव्या हाताला, मऊ तांबड्या मातीत, खिळ्यांच्या बुटांचे दोन ठसे उमटले होते. टाचा जवळ, चवडे बाहेर फाकलेले. गुडघे जाण्याआधी व्हॅस्को स्वतः तसा बसत असे. आता तो एक पाय बाहेर टाकून बसतो, म्हणून त्याचे ठसे वेगळे पडतात.

त्याने बुटाने ती माती सारखी केली. पुढच्या चेंडूनंतर ठसे पुन्हा होते.

त्यानंतर त्याने खुणा द्यायचं जवळजवळ सोडूनच दिलं. बोटं हलवायची म्हणून हलवली. आणि तरी आता एकही चेंडू त्याच्या हातून चुकला नाही, कारण पुढे काय येणार हे त्याला कळू लागलं होतं. सरळ, सरळ, पडता. बाहेरचा, मग आत पोटाशी, मग पडता. हा क्रम त्याच्या ओळखीचा होता. शेचाळीस साली याच मैदानावर, अशाच पाचव्या सामन्यात, पंचवीस वर्षांच्या ऑरिन व्हॅस्कोने हेच चेंडू याच क्रमाने मागितले होते. पिचर होता वॉल्टर झील्के.

सहाव्या इनिंगपर्यंत मार्लोच्या एकाही बॅटरला लॉनीने टोला, म्हणजे पळत सुखरूप बेस गाठता येईल असा फटका, मारू दिला नव्हता. पॉटर्सचे दोन रन झाले होते. केसलर फॉल्समध्ये आपल्या संघाचा रन झाला की लोक भट्टीतल्या टवका उडालेल्या बश्या कुंपणावर फोडतात. दोनदा त्या फुटल्या. त्यानंतर मात्र मैदान हळूहळू गप्प होत गेलं. पिचर नऊ इनिंग, म्हणजे अख्खा सामना, एकही टोला न देण्याच्या वाटेवर असला की त्याविषयी कुणी बोलायचं नसतं, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच्याशीही बोलायचं नाही. बाकावर त्याच्या शेजारी बसायचं नाही. बोललं की जातं. लोक बश्या मांडीवर धरून बसले होते आणि एकमेकांकडेही बघत नव्हते.

लॉनी बाकाच्या टोकाला एकटा बसला होता. शेजारी चार माणसांची जागा रिकामी. त्याने उजवा हात मांडीवर ठेवला होता, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. कोपर सुजलं होतं. पाणी प्यायला त्याने डाव्या हाताने पेला उचलला.

व्हॅस्कोने हे याआधी पाहिलं होतं. झील्केही असाच बसला होता, असाच एकटा. सातव्या इनिंगनंतर त्याने एकदा व्हॅस्कोकडे बघून कोपराला हात लावला होता. व्हॅस्कोला ते दिसलं होतं. त्याला कळलंही होतं. पण बोलायचं नसतं, म्हणून तो बोलला नाही. हे कारण फार सोयीचं होतं. शेवटच्या इनिंगमध्ये त्याने सलग अकरा पडते चेंडू मागितले, आणि कोपर सर्वांत जास्त पिळतं ते पडत्या चेंडूनेच. बाराव्याची गरज पडली नाही. सामना जिंकला, मालिका जिंकली, वर्तमानपत्रात दोघांचा फोटो आला. शेवटच्या चेंडूच्या वेळी झील्केच्या कोपरातून आवाज झाला होता. तो फक्त कॅचरलाच ऐकू जाण्याइतका होता.

झील्के पुन्हा कधी खेळला नाही. भट्टीवर हमालीला लागला, तीही डाव्या हाताने. त्याची बायको त्याच्या कोटाची बटणं लावून देई. तीन वर्षांनी जानेवारीत तो नदीच्या बर्फावरून चालत पलीकडे निघाला आणि पलीकडे पोहोचला नाही. दफनाला गावातले सगळे आले होते. व्हॅस्को गेला नव्हता.

आठव्या इनिंगनंतर व्हॅस्को ब्रोडीजवळ गेला आणि कुजबुजत म्हणाला, की पोराचा हात जातोय, त्याला काढा. ब्रोडीने समोर बघतच उत्तर दिलं, "कुठला पोरगा? मला काही दिसत नाही."

"ब्रोडीसाहेब, कोपर बघा त्याचं."

"ऑरिन, तीस वर्षं मी या धंद्यात आहे. कुंपणामागे वरच्या लीगची दोन माणसं खेळाडू हेरायला येऊन बसलीत. जा, तोंड बंद ठेव आणि झेल."

नवव्या इनिंगचा पहिला बॅटर आला. तीन चेंडू, तिन्ही पडते. तिन्हींच्या आधी व्हॅस्कोला डाव्या कानाशी कापडावर पडणारी हलकी थाप ऐकू आली. दोनदा, दोनदा, दोनदा. आणि तिसऱ्यानंतर समाधानाचा एक बारीक हुंकार. तो हुंकार त्याने ओळखला. जिंकायला आलं की तो स्वतःच तसा करायचा.

इतका वेळ त्याला वाटत होतं की त्या जुन्या खुणा घेऊन मेलेला झील्के आला आहे. झील्के आला असता तर व्हॅस्कोने समजून घेतलं असतं, कदाचित सुटल्यासारखंही वाटलं असतं. पण झील्के कुठेच नव्हता. डाव्या अंगाला बसलेला कॅचर पंचवीस वर्षांचा होता. त्याला काहीच झालेलं नव्हतं. त्याचे गुडघे शाबूत होते, बोटं सरळ होती, आणि त्याला अजून आठ चेंडू हवे होते.

बॅटर बाद होऊन परत गेला. पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर लॉनी उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने एक एक करून उघडत होता. ती पांढरीफटक पडली होती. मग तो खुणेसाठी वाकला आणि व्हॅस्कोच्या डावीकडे बघू लागला. एखादं गुणी पोर मास्तरांकडे बघतं तसा.

व्हॅस्कोने पंचाकडे वेळ मागितला, तोंडावरचा जाळीचा मुखवटा डोक्यावर सरकवला आणि चालायला लागला.

प्लेटपासून उंचवटा साठ फूट. सगळ्या मैदानाला कळलं की तो कुठे निघाला आहे. कुणीतरी वरच्या बाकांवरून ओरडलं, "म्हाताऱ्या, मागे फीर." बाकी कुणी आवाज केला नाही. ब्रोडी बाकाच्या पायरीवर उभा राहिला होता. व्हॅस्कोच्या पाठीला गार लागत होतं, धुक्यातून चालताना लागतं तसं, पण फक्त पाठीच्या डाव्या भागाला.

लॉनीने तोंड फिरवलं. "बोलू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "प्लीज, आजोबा. बोलायचं नसतं."

"तू आज एकही टोला दिलेला नाहीस," व्हॅस्को म्हणाला. त्याने मुद्दाम मोठ्याने म्हटलं, शेजारच्या दोन खेळाडूंना ऐकू जाईल इतकं. त्यातल्या एकाने डोळे मिटून घेतले. "आठ इनिंग आणि वर एक बाद, एकही नाही. सगळ्यांना माहीत आहे, आता मी बोललोय. आणि तुझं कोपर सुजलंय, तेही मी बोललोय. आता पडता चेंडू टाकायचा नाही. एकही नाही."

"तुम्ही तर मागताय."

"मी नाही मागत."

लॉनीची नजर व्हॅस्कोच्या खांद्यावरून प्लेटकडे गेली आणि तिथेच राहिली. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. व्हॅस्को इथे समोर उभा होता, आणि तिथेही कुणीतरी बसलेलं त्याला दिसत होतं, हे त्याला आत्ताच उमगलं असावं.

"तो मान हलवतोय," लॉनी म्हणाला. "नाही म्हणतोय. तुमचं ऐकू नको म्हणतोय."

"म्हणेल. तो ऐकणाऱ्यातला नाही."

"कोण आहे तो?"

"जिंकल्यावर सांगतो. टोला बसेल, बसू दे. मागे सात जण उभे आहेत, त्यांनाही पगार मिळतो. माझ्या बोटांकडे बघ. वाकडी असतील, पण माझीच बघ."

परत येताना व्हॅस्कोने प्लेटच्या डावीकडे पाहिलं नाही. खाली बसला, एक पाय बाहेर टाकून. एक बोट दाखवलं. लॉनी बराच वेळ वाकून राहिला. त्याची नजर इकडून तिकडे दोनदा गेली. डाव्या कानाशी थाप आली, दोनदा, मग पुन्हा दोनदा, घाईने. मग तिसऱ्यांदा, इतक्या जोरात की व्हॅस्कोची स्वतःची मांडी झिणझिणली.

आणि सरळ चेंडू आला. दमलेला, साधा, मधोमध. मार्लोच्या बॅटरने तो उजव्या बाजूला मैदानात फटकावला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला.

लोकांच्या मांडीवरच्या बश्या तशाच राहिल्या. मग शिव्या सुरू झाल्या. लॉनीला नव्हे, त्याला. एक बशी भिरभिरत आली आणि कुंपणावर फुटली. व्हॅस्कोने पुन्हा एक बोट दाखवलं. पुढचा उंच उडालेला फटका पार मागे, भिंतीजवळ झेलला गेला. शेवटच्या बॅटरने चेंडू सरळ वर उडवला, प्लेटच्या मागे, डाव्या अंगाला. व्हॅस्को मुखवटा फेकून वळला. जिथे ठसे होते तिथेच त्याला उभं राहावं लागलं. तिथे एखाद्या तळघराच्या तोंडाशी असतो तसा गारठा होता. धुक्यातून चेंडू खाली आला आणि त्याच्या हातात पडला.

मग फुटायच्या त्या सगळ्या बश्या फुटल्या.

पोरांनी लॉनीला खांद्यावर उचललं, उजव्या हाताला धक्का न लावता. वरच्या लीगच्या माणसांनी ब्रोडीला कोपऱ्यात घेतलं. उद्याच्या वर्तमानपत्रात लॉनीचा एकट्याचा फोटो येणार होता. नऊ सामने हरलेल्या पोराने अवघा एक टोला देऊन मालिका काढून दिली, ही गोष्ट लिहायला सोपी होती. व्हॅस्कोशी कपडे बदलण्याच्या खोलीत कुणी बोललं नाही. ब्रोडी जाता जाता एवढंच म्हणाला, की असा करंटेपणा त्याने उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि वसंतात परत येण्याची तसदी घेऊ नको.

सगळे मिरवणुकीला बाहेर गेले तेव्हा लॉनी मागे राहिला. तो शर्टाची बटणं लावत होता. उजव्या हाताने, सावकाश, ओठ दाबून. वरचं बटण तीनदा सुटलं. व्हॅस्को बघत राहिला, मदतीला गेला नाही. चौथ्यांदा ते लागलं.

"माझं नाव विक्रमांच्या पुस्तकात गेलं असतं," लॉनी म्हणाला. आवाजात राग होता.

"गेलं असतं."

"मग मी तुमचं का ऐकलं, विचारा."

"का ऐकलंस?"

लॉनीने कॉलर सारखी केली. "तुम्ही दोघं एकसारखे दिसत होता. अगदी. फक्त तुम्ही चालत आलात ते लंगडत आलात. त्याला काहीच दुखत नव्हतं. म्हटलं, ज्याला काहीच दुखत नाही त्याला माझ्या हाताचं काय कळणार." मग तो बाकावर बसला आणि बाजूची जागा हाताने झाडून रिकामी केली. "आता सांगा. त्याच्यासमोर पिचर कोण होता?"

व्हॅस्को बसला. गुडघे कुरकुरले. बाहेर बँड वाजत होता आणि लोक लॉनीचं नाव घेत होते.

"वॉल्टर झील्के," तो म्हणाला. हे नाव त्याने अकरा वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. ते बाहेर यायला वेळ लागला, पण मग पुढचं सगळं आपोआप येत गेलं.